आडातलं पाणी कोणाचं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या आडावर भांडण झालं. हंडे आपटले, शिव्या झाल्या, आणि खालच्या वस्तीवरच्या बायांशी आमचं बोलणं बंद झालं. आमचं म्हणणं, त्या पहाटे येऊन जास्तीचं पाणी नेतात. त्यांचं म्हणणं, आम्हीच नेतो. दोन्हीकडे खात्री होती, पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता.

मग गटातल्या एका सुनेने सुचवलं, की आधी पाणी मोजू. एका दोराला हाताहातावर गाठी मारल्या, खाली दगड बांधला. सकाळी, दुपारी आणि रात्री पाणी कितव्या गाठीला आहे ते वहीत लिहायचं. शेजारी शेतीची लाइट कधी होती तेही लिहायचं. दोन आठवडे लिहिलं. रात्रीची लाइट असलेल्या आठवड्यात सकाळी पाणी दोन हात खाली, दिवसाची लाइट आली की तेच दुपारी खाली. हंड्यांनी एवढा फरक पडत नाही. आडाच्या वरच्या अंगाला एक बोअर आहे, आणि तिच्या मोटारीचं वेळापत्रक आमच्या वहीशी तंतोतंत जुळत होतं.

अडचण अशी, की त्या बोअरवाल्याची बायको आमच्याच गटात आहे. त्यांच्या डाळिंबावर कर्ज आहे. बाग वाळली तर तेही घर बुडतं. म्हणजे यात कोणी चोर नव्हता. एकाच खडकातलं पाणी दोघांना हवं होतं, आणि ते कसं वाटायचं हे कधी ठरलंच नव्हतं.

कायदा काय सांगतो तेही आम्ही विचारून घेतलं. १८८२ च्या इंग्रजांच्या वेळच्या इझमेंट कायद्याने जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी काढण्याचा हक्क मानला. जमीन ज्याची, पाणी त्याचं. आता सांगा, सातबाऱ्यावर नाव कितीजणींचं आहे? भूमिहीन घरातल्या बाईचं काय? महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने त्याला थोडा लगाम घातला. त्या कायद्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नसे. हे आमच्या गावात फारच थोड्यांना माहीत होतं. आम्हालाही नव्हतं.

पण पाणी जमिनीपासून सोडवून माणसांत वाटणं आपल्याच मुलखात पूर्वी झालेलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे आणि कल्पनाताई पुण्याहून पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. देवस्थानची ४० एकर माळरान जमीन कसायला घेतली, पाणी अडवलं, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मोजणीने. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही, तो गटाकडे परत येतो. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा घेणाऱ्यांनी स्वतः भरायचा. पाणी सोडायला गटाचा पाटकरी. आणि ऊस लावायचा नाही.

उसाचा नियम पुष्कळांना जाचक वाटला असणार. पण ऊस बारमाही पितो. एकाच्या एका एकर उसात कित्येकांची ज्वारी-बाजरी, कडधान्य भिजून निघतं. पीक मोकळं ठेवलं, तर माणशी वाटणी कागदावरच राहते. आमच्या मते सगळ्यात शहाणा नियम हाच. पुढे काही योजना बंद पडल्या, हेही खरं. नियम चांगला असला तरी तो रोज पाळणारी माणसं लागतात.

नायगावचे सगळे नियम आमच्या आडाला लागू होत नाहीत. तिथे नव्या पाण्याची वाटणी होती, इथे बोअर आधीच चालू आहे आणि तिच्यावर एक घर उभं आहे. पण एक गोष्ट आम्ही उचलली. बोलणी एकट्या बोअरवाल्याशी नाही, आडावर येणाऱ्या सगळ्या घरांना बसवून. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती आपल्याकडे बहुतेक वेळा सह्यांपुरतीच होते. त्या सभेत आम्ही वही उघडून ठेवली. आधी खालच्या वस्तीच्या बायांना सांगितलं, की आमचं चुकलं. ते बोलायला जड गेलं. मग बोअरवाल्याच्या बायकोनेच मार्ग काढला. रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात पहाटे तीननंतर मोटार बंद. दिवसाची असेल तेव्हा बायांनी सकाळीच पाणी भरून घ्यायचं. आणि बागेला ठिबक बसवायच्या अर्जासाठी गटाने त्यांच्याबरोबर तालुक्याला जायचं.

पावसापर्यंत हे दोनदा मोडलं. दोन्ही वेळा वहीत दिसलं, आणि भांडणाऐवजी घरी जाऊन विचारणं झालं. ठिबकचा अर्ज अजून अडकलेला आहे, तालुक्याला आमच्या तीन खेपा झाल्या. दोर अजून आडाच्या रहाटाला बांधलेला आहे. या आठवड्यात गाठी मोजायची पाळी खालच्या वस्तीची आहे.