अंथरुणावरून ऐकलेली गाणी

आपल्या भजनी मंडळांत बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत असावा, अशा गायकाविषयी आज बोलू या. कुमार गंधर्व.

जन्म १९२४चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. खरं नाव शिवपुत्र कोमकळी. लहानपणीच असे गायचे, की मिळालेली पदवीच नाव होऊन बसली. १९४७ला लग्न झालं आणि टीबीने गाठलं. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ला मध्य प्रदेशातल्या देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पुढची काही वर्षं अंथरुणातच गेली.

पत्नी भानुमती स्वतः गाणं शिकलेल्या. नोकरी करून घर त्याच चालवायच्या, दुखणंही त्याच काढायच्या. ही गोष्ट सांगताना लोक त्यांना एका ओळीत उरकतात, ते आम्हाला पटत नाही.

स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवीनच होतं. त्याने जीव वाचला, पण एक फुप्फुस निकामी झालं.

पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्यातल्या बायकांची गाणी यायची. लग्नाची, सणाची, पावसाची. जोगी कबिराची निर्गुण भजनं गात जायचे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांना कुणी शास्त्र म्हणत नाही, तसंच त्या गाण्यांचंही होतं. कुमारांनी ती गोळा केली, त्यांतल्या चालींवरून नवे राग बांधले. बरे होऊन ते पुन्हा मैफलीत बसले. कबीर गायले, तुकोबांचे अभंग गायले, आणि १९९२ला जाईपर्यंत गात राहिले. त्या अपुऱ्या श्वासावर!

त्या काळी औषध मिळणं नशिबाची गोष्ट होती. आज टीबीची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. तरी आपल्याकडे सुनेला टीबी झाला की ताट वेगळं होतं, कधी माहेरी धाडतात. ताटाने टीबी पसरत नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणं, असं दिसलं तर थुंकी तपासून घ्या. साधारण सहा महिने गोळ्या लागतात. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि बाई गोळ्या सोडते. मग साध्या औषधाला न जुमानणारा टीबी होतो. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कोयता उचलण्याआधी आशाताईंना सांगावं. निक्षय नंबर असला की कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही गोळ्या चालू ठेवता येतात.