विश्लेषण : ‘ब्लिम्प’चे वैमानिक रेडिओवर काय बोलतात? ते कोणालाही ऐकता येते का?

अमेरिकेत फुटबॉलचा मोठा सामना असला की मैदानावर एक लांबुळके हवाई जहाज तासन्‌तास रेंगाळताना टीव्हीवर दिसते. गुडइयर या टायर कंपनीचे हे ‘ब्लिम्प’. त्याचे वैमानिक जमिनीवरच्या नियंत्रकांशी जे बोलतात ते गुप्त नसते. अमेरिकेत साध्या रिसीव्हरवर ते कोणीही ऐकू शकतो आणि मोबाइलवर पुण्या-नाशकातूनही. मात्र तोच रिसीव्हर भारतात आणून लावणे ही निराळी गोष्ट आहे.

ब्लिम्प म्हणजे नेमके काय?

आत सांगाडा नसलेले, हेलियम वायूच्या दाबावरच आकार टिकवणारे हवाई जहाज म्हणजे ब्लिम्प. काटेकोर पाहिले तर गुडइयरची विंगफूट वन, टू आणि थ्री ही सध्याची जहाजे ब्लिम्प नाहीतच. जर्मनीच्या झेपेलिन कंपनीच्या या रचनेत आत हलका सांगाडा असतो. पण लोकांच्या तोंडी बसलेले नाव कंपनीने सोडलेले नाही, तेव्हा आपणही तेच वापरू. लांबी सुमारे ७५ मीटर, कमाल वेग ताशी ११७ किलोमीटरच्या आसपास आणि उडण्याची नेहमीची उंची हजार-दीड हजार फूट. मुंबईत उतरायला आलेले विमान शेवटच्या काही मिनिटांत असते, तेवढीच ही उंची.

कोणत्या लहरींवर बोलतात?

एफएम रेडिओची पट्टी १०८ मेगाहर्ट्‌झला संपते. तिथून ११८ पर्यंत दिशादर्शक यंत्रणांचे संकेत असतात आणि ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात वैमानिक व नियंत्रक बोलतात. ब्लिम्पलाही तोच पट्टा. मात्र इथे एफएम नव्हे, जुने एएम तंत्र वापरतात आणि त्याला कारण आहे. एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर जोरकस संकेत दुसऱ्याला पुरता गिळून टाकतो. एएममध्ये शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. कानाला तो त्रासदायक असला तरी आणखी कोणीतरी बोलत होते, हे नियंत्रकाला कळते आणि तो पुन्हा विचारतो.

इतक्या सावकाश जहाजाला बोलायचे तरी काय असते?

बरेच काही. ३० हजार किंवा त्याहून अधिक आसनांच्या मैदानात व्यावसायिक फुटबॉल किंवा बेसबॉलचा मोठा सामना असेल, तर अमेरिकेत सामन्याच्या एक तास आधीपासून संपल्यानंतर एक तासापर्यंत भोवतालच्या ३ सागरी मैलांत, ३ हजार फुटांपर्यंत उड्डाणबंदी असते. ब्लिम्पचे काम नेमके त्याच जागी. त्यामुळे परवानगी घेणे आणि नियंत्रकाच्या संपर्कात राहणे आलेच.

बोलण्याचा साचा ठरलेला असतो : आधी कोणाला हाक मारली ते, मग स्वतःची ओळख, जागा, उंची आणि मागणी. विंगफूट वनचा नोंदणी क्रमांक ‘एन१ए’, तो रेडिओवर ‘नोव्हेंबर वन अल्फा’ असा उच्चारतात. नियंत्रक चार आकडी संकेतांक देतो. त्यात ८ आणि ९ हे आकडे कधीच नसतात. वैमानिक तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो.

प्रवासी विमान नियंत्रकाच्या हद्दीतून काही मिनिटांत निघून जाते, ब्लिम्प तिथेच तासन्‌तास घिरट्या घालते. साहजिकच त्याचा उल्लेख इतरांच्या बोलण्यात अधिक येतो. ‘तुमच्या उजव्या बाजूला हवाई जहाज आहे, दिसते का?’ अशी विचारणा लहान विमानांना होते. अमेरिकी नियमानुसार विमान आणि हेलिकॉप्टरने हवाई जहाजाला वाट द्यायची असते. हवाई जहाजाने ग्लायडरला आणि सर्वांनीच फुग्याला. ज्याला वळणे अवघड, त्याचा मान आधी. टीव्हीच्या कॅमेऱ्याबाबतच्या सूचना मात्र या लहरींवर येत नाहीत. सामन्याच्या पडद्यामागच्या गप्पा मिळतील, या आशेने ऐकणाऱ्याची निराशाच होते.

हवाई जहाजांचा रेडिओ नेहमीच इतका शिस्तीचा नव्हता. १९१० मध्ये ‘अमेरिका’ नावाचे हवाई जहाज अटलांटिक ओलांडायला निघाले, तेव्हा त्यातून पाठवलेला बिनतारी संदेश ‘हे मांजर येऊन घेऊन जा’ अशा आशयाचा होता. बरोबर घेतलेल्या किडो या मांजराने सर्वांना भंडावून सोडले होते. समुद्र खवळलेला असल्याने त्याला खाली बोटीत उतरवता आले नाही. मोहीम फसली, पण माणसे आणि मांजर दोन्ही वाचली.

अर्धेच संभाषण का ऐकू येते?

या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. हजार फुटांवरच्या ब्लिम्पचा आवाज मोकळ्या जागी सुमारे ७० किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतो. ३५ हजार फुटांवरच्या विमानाचा चारशेहून अधिक. नियंत्रकाचा अँटेना मात्र जमिनीवर. त्यामुळे विमानतळापासून दूर राहणाऱ्याला वैमानिकाची उत्तरे ऐकू येतात, प्रश्न येत नाहीत. इमारतींच्या आड तर तीही नाहीत.

भारतातून ऐकता येईल?

‘लाइव्हएटीसी’ या संकेतस्थळावर अमेरिकेतील हौशी मंडळींनी आपापल्या रिसीव्हरचे प्रक्षेपण खुले ठेवले आहे. ते काही सेकंद मागे असते. आधी ‘फ्लाइटरडार२४’ वर एन१ए, एन२ए किंवा एन३ए शोधावे, जवळचा विमानतळ पाहावा आणि त्याचे प्रक्षेपण लावावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथली घड्याळे मागे गेली की साडेअकराला.

रिसीव्हर विकत घेण्याचा विचार असेल तर सावध असावे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी यूएसबी उपकरणे हा पट्टा सहज पकडतात. पण विनापरवाना बिनतारी उपकरण बाळगण्यास भारतात १९३३ च्या कायद्यापासून मनाई आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरणांसाठी परवानगीची अट ठेवली आहे. घरगुती रेडिओला मिळालेली मोकळीक अशा उपकरणालाही आहे, असे गृहीत धरू नये. ब्रिटन आणि जर्मनीतही आपल्यासाठी नसलेले रेडिओ संभाषण ऐकण्यास बंदी आहे. गुडइयरच्या जहाजांची रचना ज्या जर्मनीतून आली, तिथे त्यांच्याच जातीची जहाजे पर्यटकांना घेऊन उडतात, पण खाली उभ्या हौशी माणसाला त्यांचे बोलणे ऐकता येत नाही.