माशीचे घड्याळ

तोंडवलीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. मधल्या वाळूवर मासळी सुकत घातलेली असते. तिची राखण करणाऱ्या शेजारच्या काकी मला एकदा म्हणाल्या, "माशी रातची बसना नाय." मिठात नीट न मुरलेल्या मासळीवर दिवसा निळसर-हिरव्या, लाल डोळ्यांच्या माश्या अंडी घालतात. त्यांतली क्रायसोमिया मेगासेफाला ही सुकत्या मासळीची जुनी वैरीण. मृतदेहावर सर्वांत आधी पोहोचणाऱ्या माश्यांतही ती असते. म्हणून काकींचे निरीक्षण न्यायवैद्यकालाही उपयोगी पडते.

मृत्यूची वेळ सांगणाऱ्या नेहमीच्या खुणा दोन: शरीर थंड होणे आणि ताठरणे. कोकणच्या उन्हाळ्यात हवाच इतकी तापलेली असते की शरीर फारसे थंड होत नाही आणि ताठरपणाही साधारण दीड दिवसात उतरतो. त्यापुढचा हिशेब अळ्यांकडून मिळतो.

अळीची वाढ भोवतालच्या उष्णतेवर चालते. सुमारे १० अंश सेल्सियसखाली ती जवळजवळ थांबते. त्यावरचा प्रत्येक अंश तासागणिक जमा होत जातो. समजा, एका टप्प्यापर्यंत पोहोचायला ९०० अंश-तास लागतात. मग २८ अंशांच्या हवेत ५० तास पुरतात, १९ अंशांत १०० लागतात. म्हणून पंचनाम्याच्या वेळी घटनास्थळाचे तापमान नोंदवणे अळ्या गोळा करण्याइतकेच महत्त्वाचे. काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलात ठेवतात, काही जिवंत वाढवतात. माशी बाहेर पडली की जात पक्की ओळखता येते. अळीच्या शेपटीकडील श्वासछिद्रांच्या फटींवरून तिची अवस्था कळते. तिसऱ्या, शेवटच्या अवस्थेत प्रत्येक छिद्राला तीन फटी असतात.

१९३५ साली स्कॉटलंडमधील मोफॅटजवळच्या ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे २९ सप्टेंबरला सापडले. अलेक्झांडर मर्न्स यांनी अळ्यांचे वय १२ ते १४ दिवस ठरवले. त्या स्त्रिया सप्टेंबरच्या मध्यापासून बेपत्ता होत्या. डॉ. बक रक्स्टन यांच्यावरील खटल्यात हा पुरावा इतर पुराव्यांशी जुळला.

मात्र हे घड्याळ मृत्यूच्या क्षणी सुरू होत नाही. माशीने अंडी घातली की सुरू होते. संध्याकाळी टाकलेल्या देहावर बहुधा सकाळीच अंडी पडतात. मुसळधार पावसात माशी उडत नाही. आणि आमच्या किनाऱ्यावर तर समुद्रच मध्ये येतो. पाण्याखाली असलेल्या देहापर्यंत माशी पोहोचत नाही. समजा, तीन दिवसांपूर्वी बुडालेला माणूस काल वाळूला लागला आणि आज त्याच्यावर एका दिवसाच्या अळ्या दिसल्या. तज्ज्ञाने 'मृत्यू काल झाला' असे लिहिले, तर तीन दिवसांपूर्वी त्याच्यासोबत होडीत असलेल्याकडे कोणी चौकशी करणार नाही आणि काल किनाऱ्यावरून गेलेला निष्पाप अडकेल. घरच्यांना तिथीही चुकीची मिळेल.

म्हणून अळीवरून निघणारे उत्तर 'निदान इतका काळ' एवढेच असते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार न्यायालय तज्ज्ञाचे मत विचारात घेऊ शकते. त्या मतात 'निदान' हा शब्द राहिला पाहिजे, आणि देह आधी कुठे होता हा प्रश्नही. काकींना तर मासळी वाळूवर कधी घातली हे ठाऊक असते; देहाबाबत नेमके तेच शोधायचे असते.