दुखणे पायांत, भीती मनात

घरातला माणूस रात्री तळपायांची आग होते म्हणून उठून बसतो. जखम नाही, सूज नाही. घरचे म्हणतात, "नुसते सोंग!" पण त्याला एच.आय.व्ही. असेल, तर हे दुखणे खरे असू शकते. हा विषाणू पायांच्या नसांना इजा करतो. स्टॅव्हुडीन या जुन्या गोळीनेही तसे होई. ती आता मागे पडली, पण काहींच्या नसांची इजा उरली.

या दुखण्याला भीतीचे खतपाणी मिळते. गावात कळले तर? या धास्तीने झोप उडते, उदासी येते आणि दुखणे वाढते. दुखणे वाढले की उदासी आणखी वाढते. रहाटगाडगेच ते! शेवटी माणूस कंटाळून रोजच्या गोळ्या टाळतो आणि दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

म्हणून ए.आर.टी. केंद्रात गोळ्या आणायला जाल, तेव्हा "पाय जळतात, झोप नाही, जीव नकोसा होतो," हे डॉक्टरांना आणि समुपदेशकांना मोकळेपणी सांगा. दुखण्यावर आणि उदासीवर, दोन्हींवर उपचार आहेत. २०१७ च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. १०९७ या क्रमांकावर फोन करूनही मोफत सल्ला मिळतो.

आणि घरच्यांनो, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. "सोंग" म्हणण्याऐवजी "आज पाय कसे आहेत?" एवढे विचारा. निम्मा भार तिथेच उतरेल.