आईचेही मन दुखावलेले असते

"डॉक्टर, अंगात त्राणच उरले नाही, एखादी सलाईन लावा," असे म्हणत येणाऱ्या स्त्रिया आम्हा डॉक्टरांना नवीन नाहीत. बऱ्याच जणींचे हिमोग्लोबिन कमी असते, काहींचा थायरॉईड बिघडलेला असतो. पण काहींचे सारे रिपोर्ट चांगले येतात, तरीही झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही. सोबतच्यांना बाहेर बसवून निवांत विचारले, की एखादीच्या तोंडून महिनोन्‌महिने दाबलेली गोष्ट बाहेर पडते. तिच्या मुलीवर, कधी मुलावरही, ओळखीच्याच माणसाने अत्याचार केलेला असतो.

अशा घरात सर्वांचे लक्ष मुलाकडे जाते आणि ते योग्यच आहे. आईची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. उलट "तुझे लक्ष कुठे होते?" हा प्रश्न सासरचे विचारतात, शेजारी विचारतात आणि रात्री जागी असताना ती स्वतःलाही तोच विचारते.

या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले आढळले. ज्याच्यावर साऱ्या घराचा विश्वास, त्याच्याविषयी आईला संशय कसा यावा? गुन्हा करणाऱ्याचा असतो, आईचा नव्हे.

अशा प्रसंगानंतर दुःख होणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवडे उलटले तरी मन सतत उदास राहणे, कशातच रस न वाटणे, पहाटे लवकर जाग येणे, भूक मरणे, स्वतःला दोषी मानणे, जगणे नकोसे वाटणे, ही नैराश्य या आजाराची लक्षणे आहेत. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे आणि सलाईनने तो बरा होत नाही.

आईवर उपचार करणे हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. मूल आईच्या चेहऱ्याकडे बघत असते. ती खचली, की "मी सांगितले म्हणून आई अशी झाली" असे त्याला वाटते आणि ते बोलायचे थांबते. आईने विश्वास ठेवला, जवळ घेतले, की मूल सावरण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

उपचार कठीण नाहीत. समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो, गरजेप्रमाणे गोळ्याही देतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नैराश्यावरच्या या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, मात्र बरे वाटताच त्या मनाने बंद करू नयेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही सल्ला मिळतो. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तिने केली, तर तिला एकटे सोडू नका, घरातले कीटकनाशक हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पोलिसांच्या भीतीने अनेक माता गप्प राहतात. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार मुलाचा जबाब घरीही घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी तो घेतात आणि त्या वेळी गणवेश घालायचा नसतो. मुलाचे नाव, पत्ता, शाळा वर्तमानपत्रात छापण्यास मनाई आहे. असा गुन्हा कळल्यास पोलिसांना कळवणे आम्हा डॉक्टरांसह सर्वांवर बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे.

घरच्यांना एवढेच सांगणे, की "तू का नाही पाहिलेस" हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका. कोर्टाच्या तारखेला तिच्यासोबत जा. काही दिवस स्वयंपाक, धुणेभांडी दुसऱ्या कोणी करावी. पतीने डॉक्टरांकडे स्वतः यावे, कारण त्याचेही मन दुखावलेले असते आणि पुरुष ते बोलून दाखवत नाहीत.

आणि भगिनींनो, तुमच्यापैकी कोणी हे सोसत असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात अशक्तपणाची तक्रार सांगून थांबू नका. "डॉक्टर, थोडे एकांतात बोलायचे आहे," एवढे म्हणा.