हमीची किंमत

राष्ट्राच्या पुनर्रचनेच्या योजना आपल्याकडे उदंड मांडल्या जातात. त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. महाराष्ट्राने त्याला एकदा सरळ उत्तर दिले होते. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो मजूर खडी फोडीत होते. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि ‘मागेल त्याला काम’ हा ग्रामीण मजुराचा हक्क ठरला. त्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविला गेला. शिक्षकाच्या व कारकुनाच्या वेतनातून तो आजही कापला जातो.

२००५ मध्ये संसदेने हीच कल्पना देशभर नेली. परंतु महाराष्ट्राच्या कायद्यात नसलेली, कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा तिला घातली. हक्काला अशी मर्यादा पडली, की त्याचे अनुदान व्हावयास वेळ लागत नाही. आणि मजुरीच थकली, तर हमीला अर्थ तो कोणता?

तेव्हा वेतनचिठ्ठीवरील त्या कपातीबद्दल केवळ कुरकुर न करता तिचा हिशेब मागणे, हे सुशिक्षितांचे कर्तव्य होय. कर देणाराच विचारणार नसेल, तर काम मागणाऱ्याचे कोण ऐकणार?