लाल बटण दाबलं, तरी रोल का फिरतोय?

गेल्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. आयटीआय करून कागदाच्या रिवाइंडर मशीनवर नुकताच लागलाय. त्याचा प्रश्न असा: "दादा, इमर्जन्सीचं लाल बटण दाबलं तरी मोठा रोल फिरतच राहतो. मग ती इमर्जन्सी कसली?" प्रश्न रास्त आहे. फिरता रोल आणि त्याला टेकलेला रोलर यांच्या फटीत बोट गेलं, तर पुढच्या दोन-तीन सेकंदांवर सगळं असतं.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एका बाजूला मोठा रोल उलगडतो, मधे कागदाच्या हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या जातात आणि दुसऱ्या बाजूला त्या पुन्हा गुंडाळल्या जातात. प्लॅस्टिक फिल्म, कापड, तार, सगळीकडे तत्त्व तेच. संक्रांतीला कुणाची फिरकी धरली असेल तर तुम्हाला अर्धं गणित माहीतच आहे. पतंगवाला मांजा ओढायचा थांबला आणि तुम्ही बोटांनी फिरकी अडवली नाही, तर मांजाचा गुंता पायाशी. जास्त दाबून धरली तर मांजा तुटतो. कारखान्यात त्या बोटांचं काम ब्रेक करतो. फक्त फिरकी ६०० किलोची असते.

हो, ६०० किलो. एक मीटर व्यासाचा, एक मीटर रुंदीचा कागदाचा रोल साधारण तेवढा भरतो. मशीन मिनिटाला ३०० मीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर चाललंय असं धरा. त्या फिरत्या रोलमधली ऊर्जा म्हणजे स्वारासकट २०० किलोची बाइक ताशी २२ किलोमीटरने जातेय, तेवढी. बाइक थांबायला जागा घेते, रोल थांबायला वेळ घेतो.

आता खरी गंमत. समजा कागदावर २० किलोचा ताण हवाय आणि उलगडणाऱ्या रोलचा ब्रेक तेवढ्यालाच लावलाय. कुणीतरी बटण दाबलं. गुंडाळणारी बाजू २ सेकंदांत थांबली, तोवर ५ मीटर कागद आत गेला. पण भरलेला रोल २ सेकंदांत थांबवायला त्याच्या कडेवर साधारण ७५ किलोचा जोर लागतो. ब्रेक देतोय २०. म्हणून तो साडेसात सेकंद फिरत राहतो आणि जवळजवळ १९ मीटर कागद बाहेर फेकतो. म्हणजे १४ मीटर ढिला कागद मशीनमधे! तो रोलरला गुंडाळतो, आणि तो सोडवायला हात आत घालायचा मोह होतो. माझ्या मते अर्धा धोका इथेच आहे.

मग ब्रेक कायमचा घट्टच का नाही करायचा? कारण रोल बारीक होत जातो. ताण म्हणजे ब्रेकचा पीळ भागिले रोलची त्रिज्या. ५० सेंटीमीटर त्रिज्येला २० किलो ताण देणारा पीळ तसाच ठेवला, तर ५ सेंटीमीटर त्रिज्येला ताण २०० किलो होतो. कागद कधीच फाटलेला असेल. उलट, थांबवायला लागणारा जोर व्यास घटला की झपाट्याने कमी होतो: व्यास निम्मा झाला की रोलचं जडत्व सोळाव्या भागावर येतं. त्यामुळे चांगल्या मशीनमधे ड्राइव्ह सतत व्यास मोजत असतो. डान्सर रोलर, म्हणजे वर-खाली झुलणारा रोलर, किंवा लोड सेल ताण सांगतो. आणि थांबताना त्या क्षणीच्या व्यासाप्रमाणे जास्तीचा पीळ दिला जातो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र हळू होतात.

यासाठी आयईसी ६०२०४-१ या मानकात थांबण्याचे प्रकार दिलेत. कॅटेगरी ० म्हणजे मोटरची वीज ताबडतोब तोडायची. कॅटेगरी १ म्हणजे आधी मोटरनेच नियंत्रित थांबवायचं, मग वीज तोडायची. इमर्जन्सीला या दोन्ही चालतात. आपल्या मित्राच्या मशीनवर बहुधा कॅटेगरी ० आहे आणि वेगळा दणकट ब्रेक नाही. वीज गेली, पण रोलला ते कळलं कुठे? जड रोलला सहसा कॅटेगरी १ च बरी. ऐकायला उलटं वाटतं, पण वीज थोडा वेळ चालू ठेवल्यानेच मशीन लवकर थांबतं.

तिथेही एक खोच आहे. ब्रेक लावताना मोटर जनरेटर बनते आणि ऊर्जा ड्राइव्हमधे परत ढकलते. ती जाळायला ब्रेक रेझिस्टर नसेल किंवा लहान असेल, तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो. ट्रिप झालेला ड्राइव्ह म्हणजे मोकळी मोटर. ऐन वेळी!

आणि लाइट गेली तर? उलगडणाऱ्या बाजूला बऱ्याच ठिकाणी पावडर ब्रेक असतो. त्याला करंट मिळाला तरच तो धरतो. वीज गेली की सुटतो. लिफ्टसारखा स्प्रिंगचा ब्रेक याच्या उलट: वीज गेली की स्प्रिंग तो आवळते. पावडर ब्रेकवाल्या मशीनला म्हणून बॅटरी बॅकअप किंवा सोबत असा स्प्रिंगचा ब्रेक हवाच.

तर मित्रा, सुपरवायझरला सांगून एक चाचणी कर. पूर्ण भरलेला रोल, पूर्ण वेग, गार्ड बंद, सगळे लांब. बटण दाब आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लाव. रिकाम्या कोअरवर चाचणी करू नकोस, ती नेहमीच पास होते. जेवढे सेकंद येतील, तेवढा वेळ गार्डचं लॉक उघडता कामा नये. लगेच उघडत असेल तर ते मेंटेनन्सला लेखी दे. आकडा मला पाठव, पुढच्या भागात त्यावरून रेझिस्टर केवढा हवा ते काढू.